बाथरूममधला गॅस गिझर आणि पावसात बंद केलेली खिडकी

आंबेमोहोर | १६ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या अलीकडे आमचं घर आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात जुन्या घराची कौलं उडाली आणि मागचे सात माड आडवे झाले. वीज कधी येईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. पुढच्या वर्षी आम्ही स्लॅबचं घर बांधलं आणि विजेच्या गिझरऐवजी गॅसचा बसवला, कारण तो दोन सेलवर पेटतो, लाईट असो वा नसो. बसवणाऱ्याने तो बाथरूमच्या आतच भिंतीवर लावला. खिडकी सरकत्या काचेची, दोन फूट बाय दीड फूट.

गेल्या मंगळवारी पावसाचा नुसता धिंगाणा होता. पाणी आत येतं म्हणून बाबांनी खिडकी लावून घेतली आणि आंघोळ केली. त्यांच्यामागून लगेच आई गेली. बाहेर आली ती उंबऱ्यावरच बसली. पायांत त्राण नव्हतं, डोकं ठणकत होतं, नंतर उलटी झाली. बीपी ठीक होतं. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९७ दिसला. डॉक्टर पित्त म्हणाले. गुरुवारी पुन्हा तसंच झालं, थोडं कमी. शनिवारी पावसाने उघडीप दिली, खिडकी उघडी होती, तेव्हा आईला काहीच झालं नाही. हा फरक बाबांच्या लक्षात आला आणि त्यांनी मला फोन केला. तेव्हापासून मला झोप नाही.

दोन प्रश्न आहेत. हे गिझरमुळे असू शकतं का? आणि आपल्याकडच्या पावसात हवा आत येईल पण पाणी येणार नाही असं काय करता येतं? एक्झॉस्ट पंखा लावला तर पुरेल?

खाडीकाठ | १६ जून, रात्री ९:५८

पहिलं काम आत्ता करा. आई-बाबांना फोन लावा आणि उद्यापासून तो गिझर आंघोळीच्या वेळी बंद ठेवायला सांगा. पाणी चुलीवर किंवा स्वयंपाकघरात खिडकी उघडी ठेवून तापवू दे. बाकी चर्चा नंतर.

आंबेमोहोर | १६ जून, रात्री १०:०५

केला. बाबा मागच्या दारी चूल मांडतायत.

शंकासुर | १६ जून, रात्री १०:३१

मी थोडं वेगळं बोलतो. आमच्याकडे बाथरूमच्या आत गॅस गिझर आहे त्याला बारा वर्षं झाली. घरात सहा माणसं. आजवर कुणाला चक्करसुद्धा आलेली नाही. वयामुळे, उपासामुळे, गरम पाण्याने बीपी उतरल्यामुळेही असं होतं. लगेच यंत्राला दोष देऊ नये असं वाटतं. आईंच्या रक्ताच्या तपासण्या करून घ्या.

स्टेथो | १६ जून, रात्री ११:१२

सिंधुदुर्गात जनरल प्रॅक्टिस करते. आंबेमोहोर, तुमचं वर्णन वाचून काळजी वाटली म्हणून सविस्तर लिहिते.

गॅस जळायला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलेंडरच्या गॅसला जो उग्र वास असतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा, आणि तो गॅसबरोबर जळून जातो. त्यामुळे "वास आला नाही, म्हणजे काही नव्हतं" हे इथे लागू होत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतं. मग डोकेदुखी, मळमळ, पायांतली शक्ती जाणं, गोंधळल्यासारखं होणं आणि शेवटी शुद्ध हरपणं. पायांतली शक्ती जाते हे सगळ्यात घातक, कारण धोका कळला तरी माणसाला उठून कडी काढता येत नाही.

आता तो ९७ चा आकडा. बोटावरच्या साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साईड धरलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. माणूस गुदमरलेला असताना यंत्र छान आकडा दाखवतं. खरं कळायला रक्ताची वेगळी तपासणी लागते, आणि तीही लवकर, कारण मोकळ्या हवेत हे प्रमाण साधारण चार ते सहा तासांत निम्मं होतं. शुद्ध ऑक्सिजन दिला तर तासा-दीड तासात. म्हणजे दुसऱ्या दिवशी तपासणी करून काही सापडणार नाही.

आपल्या देशातल्या मेंदूविकार तज्ज्ञांनी यावर लिहिलेलं आहे. बाथरूममध्ये झटका आला म्हणून फिटच्या गोळ्या सुरू झालेले रुग्ण, आणि मुळाशी गिझर. म्हणून डॉक्टरकडे जाल तेव्हा "बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे आणि खिडकी बंद होती" हे आपणहून सांगा. आम्ही दर वेळी विचारतोच असं नाही. माझ्याकडूनही एकदा राहिलं होतं, आणि ते मी विसरलेले नाही.

शंकासुर, तपासण्या करायला हरकत नाहीच. पण खिडकी बंद असताना दोनदा त्रास आणि उघडी असताना नाही, ही मला पुरेशी खूण वाटते.

आंबेमोहोर | १६ जून, रात्री ११:२०

डॉक्टर, मनापासून आभार. आईला उद्या परत नेतो, हे सगळं सांगतो.

माडाखालचो | १७ जून, सकाळी ७:०२

पूर्वी न्हाणी घराभायर कित्याक आसायची, ह्याचो कोणी विचार केल्यानी? आमच्या आजयेन बंब कधी घरात घेवक दिल्यान नाय. तांब्याचो बंब मागल्या दारी, माडाच्या चुडतांवर पाणी तापयायचा आणि बादलेन न्हाणयेत नेवचा. धूर दिसायचो, म्हणान सगळ्यांका समजायचा. ह्यो गॅसचो धूर दिसणा नाय, हीच पंचाईत.

सुपारीबाग | १७ जून, सकाळी ८:१५

माडाखालचो, अगदी. आमचं श्रीवर्धनचं घर आठवलं. स्वयंपाकघराला छत म्हणून काही नव्हतंच, वर थेट कौलं. चुलीच्या वर एक कौल उचललेलं असायचं, आणि एक काचेचं, उजेडासाठी. सकाळी त्या काचेच्या कौलातून उन्हाचा जो पट्टा यायचा त्यात धूर वर चढताना दिसे. पावसाळ्यात पश्चिमेला झावळ्यांचे झाप बांधायचे, पण झापातून वारा गाळून आत यायचाच. घर कधी बंद होतच नसे.

आता माझ्याच घरात बघते. स्लॅब, गुळगुळीत भिंती, रबर लावलेल्या काचा. खारा वारा आत येत नाही म्हणून मी खूश होते. चुलीच्या काळात जो गॅस नव्हता तो आता आहे, आणि तेव्हा जी हवा होती ती आता नाही.

एक जुनी गोष्ट मनात सलते ती लिहितेच. माझ्या पहिल्या बाळंतपणात खोलीची दारं-खिडक्या बंद करून खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवत. ओवा, शेपा, धुरी. मला सतत डोकेदुखी होती. सगळे म्हणायचे, बाळंतवारा. एके दिवशी माझ्या मावशीने दार उघडं टाकलं आणि सांगितलं, शेक घ्यायचा तर शेगडी माजघरात ठेवून घ्या. दोन दिवसांत माझं डोकं थांबलं. डॉक्टर, ते हेच असेल का?

स्टेथो | १७ जून, दुपारी १:४०

सुपारीबाग, आज खात्रीने सांगता येणार नाही, पण शक्यता मोठी आहे. कोळसा तर गॅसपेक्षा कितीतरी जास्त कार्बन मोनॉक्साईड सोडतो. तुमच्या मावशींना नमस्कार. गरोदर बाईच्या बाबतीत अधिकच जपायला हवं, कारण पोटातल्या बाळाच्या रक्तात हा वायू आईपेक्षाही जास्त साठतो आणि उतरायला जास्त वेळ लागतो.

रसायनबाई | १७ जून, दुपारी ४:२२

शाळेत रसायनशास्त्र शिकवते, तेव्हा गणित मांडल्याशिवाय राहवत नाही.

मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर धरा. पाणी २५ अंशांनी तापवायचं तर त्याला मिनिटाला साधारण १६ ग्रॅम गॅस लागतो. दहा मिनिटांच्या आंघोळीला १६० ग्रॅम. एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. म्हणजे एका आंघोळीत २ घनमीटरहून थोडी जास्त हवेतला सगळा ऑक्सिजन संपतो.

आता बाथरूम. पाच बाय सहा फूट, उंची आठ फूट. २४० घनफूट, म्हणजे ६.८ घनमीटर. पहिल्या माणसाच्या आंघोळीतच खोलीतला जवळपास तीस टक्के ऑक्सिजन गेला. दाराखालच्या फटीतून थोडी हवा येते हे खरं, पण गॅस नीट जळेनासा व्हायला ऑक्सिजन पूर्ण संपावा लागत नाही. २१ टक्क्यांवरून दोन-तीन टक्के खाली आला की ज्योत बिघडायला लागते. त्यात जळून तयार झालेली हवा परत त्याच बर्नरमध्ये ओढली जाते.

आंबेमोहोर, तुमचे बाबा आधी गेले आणि आई लगेच नंतर. बाबांनी हवा वापरली आणि आईंना उरलेली मिळाली. त्रास आईंना झाला यात त्यांच्या वयाचा किंवा तब्येतीचा संबंध असेलच असं नाही.

चाकरमानी | १७ जून, सायंकाळी ६:०५

रसायनबाई, हे वाचून अंगावर काटा आला. गणपतीत आमच्या राजापूरच्या घरी मुंबईहून चौदा माणसं उतरतो. पहाटे पाचपासून आंघोळीची रांग, एक बाहेर आला की दुसरा आत, गिझर तास-दीड तास बंदच होत नाही. भाद्रपदातला पाऊस, खिडकी बंद. पहिल्या पाच आंघोळी बायकांच्या असतात कारण नैवेद्याची घाई, मग मुलं, मग आम्ही. गेल्या वर्षी शेवटी गेलेल्या धाकट्या काकांनी "डोकं जड झालंय" म्हणून आरतीच्या वेळी पडवीत आडवं व्हायचं ठरवलं होतं. आम्ही त्यांना प्रवासाचा शीण म्हणालो.

शंकासुर | १७ जून, सायंकाळी ७:३०

गणित पटलं. पण मग आमच्याकडे बारा वर्षं काही का झालं नाही, याचं उत्तर मिळत नाही. हट्टाने नाही, खरंच विचारतोय.

निळी_ज्योत | १७ जून, रात्री ९:१८

चिपळूणला गॅस शेगड्या आणि गिझर दुरुस्तीचं काम करतो, बावीस वर्षं. शंकासुरभाऊ, तुमच्या बाथरूमला हवा कुठून तरी येत असणार. एकदा खिडकी, दार, भिंत नीट बघून सांगा.

माझ्या कामात जे दिसतं ते लिहितो. आपल्या किनाऱ्यावर गिझर देशावरच्यापेक्षा लवकर बिघडतो. एक, खारी हवा. बर्नर गंजतो, भोकं वेडीवाकडी होतात. दोन, बर्नरच्या वर जी तांब्याची पाती असतात त्यांच्यात काजळी बसते. पात्यांमधून जळलेली हवा वर जायची असते. वाट अडली की ती खालून, पुढून बाहेर येते, म्हणजे सरळ माणसाच्या तोंडावर. तीन, कुंभारीण. हसू नका. मातीचं घर बांधणारी ती गांधीलमाशीसारखी माशी बर्नरच्या नळीच्या तोंडात घर करते. गणपतीला येऊन गेल्यावर घर बंद राहतं, मे महिन्यात मुंबईची मंडळी येतात आणि सरळ गिझर चालू करतात. नळीत माती. गॅस येतो, हवा मिसळत नाही. ज्योत पिवळी.

ज्योत निळी, आवाज एकसारखा, तर ठीक. ज्योत पिवळी, टोकं लालसर, समोरच्या पत्र्यावर काळं, तर वापर थांबवायचा. शेगडीचंही तसंच, पातेल्याची बूडं काळी व्हायला लागली की लोक पितांबरी जास्त घेतात, बर्नर साफ करत नाहीत.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नवा कोरा, एकदम निळ्या ज्योतीचा गिझरसुद्धा बंद खोलीत मारतो. सर्व्हिसिंग हा हवेला पर्याय नाही.

आणि बसवताना चूक कोण करतं? आमच्यातलेच काही. गिऱ्हाईक म्हणतं पाईप कमी लागू दे, आतच ठोका. मीही पहिल्या दोन-तीन वर्षांत दोन ठिकाणी आत लावले होते. नंतर एका ठिकाणी जे बघितलं ते इथे लिहिणार नाही. त्यानंतर त्या दोन्ही घरी जाऊन स्वतःच्या खर्चाने गिझर बाहेर काढून दिले. तेव्हापासून आत लावत नाही, काम गेलं तरी चालेल.

खाडीकाठ | १७ जून, रात्री ९:४५

निळी_ज्योत, तुम्हाला सलाम.

आम्ही हर्णैजवळ होमस्टे चालवतो, चार खोल्या. सुरुवातीला चारही बाथरूममध्ये गॅस गिझर होते. पाहुण्यांना काय सांगणार, खिडकी उघडी ठेवा म्हणून? ते डासांसाठी लावून घेतात. तीन वर्षांपूर्वी सगळे काढले, गच्चीवर सोलर आणि पावसाळ्यासाठी विजेची साठवणीची टाकी. लाईट गेली की पाहुण्यांना गरम पाण्याची बादली खोलीपाशी आणून देतो. कुणाची तक्रार नाही.

वळीव | १७ जून, रात्री १०:२०

एक्झॉस्ट पंखा लावला की काम झालं ना? हजार-दीड हजाराचा खर्च. गिझर हलवायचा कशाला?

विटाचुना | १८ जून, सकाळी ९:३३

वळीव, हा समज फार पसरलेला आहे म्हणून थोडं लांबवतो. घरं बांधायचंच काम करतो, मुख्यतः अलिबाग ते मुरूड पट्ट्यात.

पंखा हवा बाहेर फेकतो. पण तेवढीच हवा आत यायला वाट नसेल तर तो नुसता फिरतो. दार घट्ट, खिडकी बंद असेल तर पंखा मिळेल तिथून हवा ओढतो. मोरीच्या जाळीतून, आणि ज्या गिझरला धूर बाहेर नेणारी नळी आहे त्या नळीतून उलटी. म्हणजे बाहेर जाणारी घाण आत. शिवाय लाईट गेली की पंखा बंद आणि सेलवरचा गिझर चालू. आपल्याकडे लाईट नेमकी केव्हा जाते? पावसाचा जोर असतो तेव्हा, म्हणजे खिडकी बंद असते तेव्हाच.

हवेची सोय अशी पाहिजे की कुणाला आठवण ठेवावी लागणार नाही आणि कुणाला बंद करता येणार नाही. वर एक जाळी आणि खाली एक, कायमची उघडी. खालून ताजी हवा येते, वरून गरम हवा निघून जाते. खालच्या जाळीचा दुसराही उपयोग आहे. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, दीड ते दोन पट. गळती झाली तर तो जमिनीलगत पसरतो, त्याला निघायला खालीच वाट लागते.

पाणी आत येण्याचा प्रश्न खरा आहे. आपल्याकडे पाऊस उभा पडत नाही, नैऋत्येकडून आडवा येतो. म्हणून जाळी शक्यतो पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीत, वळचणीखाली. भोक पाडताना बाहेरच्या बाजूला उतार द्या, पाणी आलं तरी परत बाहेर जाईल. बाहेरून खाली तोंड केलेलं पत्र्याचं झाकण. जांभ्या चिऱ्याच्या भिंतीत भोक पाडणं सोपं, पण आतून नळी घालून सिमेंटने बुजवा, नाहीतर चिरा पाणी पितो आणि भिंत ओली राहते. जाळी फार बारीक नको. डासांची बारीक जाळी दोन महिन्यांत धूळ, कोळिष्टकं आणि खाऱ्या थराने भरते, मग भोक नावालाच उरतं. आकार किती ते यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेवढं किमान द्या.

हे सगळं स्वयंपाकघराला आणि पडवी-पॅसेजमधल्या गिझरला. आंघोळीच्या खोलीत मात्र मी जाळ्या पाडूनही गिझर ठेवणार नाही. तो बाहेरच.

रत्नांग्री | १८ जून, सकाळी ११:१०

आमच्या इमारतीत पाईपचा गॅस आलाय. तो हलका असतो म्हणे. मग खालच्या जाळीची गरज नाही ना?

निळी_ज्योत | १८ जून, दुपारी २:०५

पाईपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, गळला तर छताकडे जातो. त्याला वरची वाट जास्त महत्त्वाची. पण जळायला हवा खालून लागतेच आणि हवा कमी पडली तर विषारी वायू तोच होतो. दोन्ही ठेवा. आणि सिलेंडरचा गिझर तसाच पाईपच्या गॅसला जोडू नका. जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक तोंडं, वेगळी असतात, जाणकाराकडूनच बदलून घ्या.

आवळी_भोजन | १८ जून, दुपारी ३:३०

स्वयंपाकघराचं विचारते. आमच्याकडे चिमणी आहे, पण बाहेर पाईप नेलेला नाही. विकणाऱ्याने सांगितलं कोळशाच्या फिल्टरने हवा शुद्ध होते. पुरेल का? पावसाळ्यात ओट्यामागच्या भिंतीवर बुरशीही येते, दर वर्षी रंग काढावा लागतो.

रसायनबाई | १८ जून, सायंकाळी ५:१५

कोळशाचा फिल्टर तेलाचा वास आणि काही वाफा धरतो. कार्बन मोनॉक्साईड धरत नाही आणि संपलेला ऑक्सिजन भरूनही देत नाही. तीच हवा फिरवून परत देतो. पाईप बाहेर नेता येत असेल तर न्या, आणि चिमणी चालू असताना एखादी खिडकी किलकिली ठेवा.

बुरशीचं उत्तर गंमतशीर आहे. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. १४.२ किलोचा एक सिलेंडर संपेपर्यंत तुमच्या स्वयंपाकघरात साधारण २२ लिटर पाणी तयार झालेलं असतं. एक मोठी बादली भरून. डाळ-भाताची वाफ वेगळी. जुन्या घरात ते कौलांतून निघून जायचं. आता ते तुमच्या भिंतीवर बसतं. पुढच्या वर्षी रंगाऐवजी त्या भिंतीला वर एक जाळी पाडून बघा.

आवळी_भोजन | १८ जून, सायंकाळी ५:४०

बावीस लिटर! यजमानांना वाचून दाखवलं. ते टेप घेऊन भिंत मोजायला उठलेत.

वळीव | १८ जून, रात्री ८:१२

विटाचुना, पटलं. आमचाही आतच आहे. बाहेर काढेपर्यंत काय करायचं?

निळी_ज्योत | १८ जून, रात्री ८:५०

वापरूच नका हे पहिलं उत्तर. अगदीच नाइलाज असेल तर दार-खिडकी सताड उघडी ठेवून बादली भरून घ्या, गिझर बंद करा, पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्या आणि मग आत जा. माणूस आत आणि गिझर चालू असं कधीच नको. शॉवर तर विसराच.

सिलेंडरची केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला, तारीख छापलेली असते. गॅसचा वास आला तर बटणांना हात लावू नका, ना चालू करायला ना बंद करायला. रेग्युलेटर बंद, दारं उघडी, बाहेर पडा आणि १९०६ ला फोन. तो नंबर गॅस गळतीसाठीच आहे.

स्टेथो | १८ जून, रात्री ९:२५

आणि कुणी आत बेशुद्ध सापडलं तर आधी दार उघडा, गिझर बंद करा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा, मग १०८. वाचवायला गेलेला तिथेच पाणी मारत, हाका मारत बसला तर तोही पडतो. आतून कडी लावायची सवय वयस्कर माणसांनी तरी सोडावी.

चाकरमानी | १८ जून, रात्री १०:०२

कार्बन मोनॉक्साईडचा गजर मिळतो तो घ्यावा का? मुंबईहून नेतो म्हणतो.

विटाचुना | १९ जून, सकाळी ८:४०

घ्या, पण तीन गोष्टी बघा. गॅस गळतीचा गजर वेगळा आणि हा वेगळा, दुकानात दोन्हींची गल्लत होते. सिलेंडरच्या गळतीचा जमिनीजवळ लावतात, हा नाकाच्या उंचीच्या आसपास. बाथरूमच्या वाफेत लावू नका, बाहेरच्या खोलीत लावा. आणि आतला सेन्सर काही वर्षांत संपतो, तारीख पाठीमागे असते. हा राखण म्हणून चांगला, पण हवेची वाट आधी.

शंकासुर | २२ जून, रात्री ९:१५

निळी_ज्योत म्हणाले म्हणून आज सुट्टीत बाथरूम नीट तपासलं. आमची खिडकी जुनी, काचेच्या पट्ट्यांची. वरच्या दोन पट्ट्या नाहीतच. बायको म्हणाली, लग्न होऊन आली तेव्हापासून नाहीत. बाहेरून जास्वंदीच्या फांद्या आल्यात म्हणून कधी लक्षात आलं नाही. आणि दार खालून कुजलेलं, चार बोटं फट. बारा वर्षं आम्हाला त्या दोन नसलेल्या पट्ट्यांनी आणि त्या फटीने सांभाळलं.

पुढची गोष्ट सांगताना हात थरथरतोय. मुलाचं लग्न डिसेंबरात आहे. त्यासाठी याच महिन्यात बाथरूमचं काम काढलं होतं. नवं दार आणि सरकत्या काचेची खिडकी, ऑर्डर देऊन झाली होती. गिझर आतच राहणार होता. आज ऑर्डर थांबवली. आधी गिझर बाहेर, मग खिडकी. आंबेमोहोर, तुम्ही हा धागा काढला नसता तर माझी नवी सून या घरात पहिली आंघोळ बंद खोलीत करणार होती. सुरुवातीला मी उलटं बोललो, ते मनातून काढून टाका.

सुपारीबाग | २२ जून, रात्री ९:३८

शंकासुर, डोळ्यांत पाणी आलं. लग्नाला आम्हाला बोलवा.

आंबेमोहोर | ६ जुलै, दुपारी १२:२०

सगळ्यांना उशिरा उत्तर देतोय, गावीच होतो.

आईला परत डॉक्टरांकडे नेलं. गिझरचं सांगितल्यावर त्यांनी लगेच मान डोलावली आणि म्हणाले, पहिल्याच दिवशी हे कळायला हवं होतं. आता ती छान आहे, त्रास परत झाला नाही.

गिझर मागच्या पडवीत पूर्वेच्या भिंतीवर हलवला. तिन्ही बाजू मोकळ्या, वर पत्रा. आमच्या सुताराने "पाऊस लागेल, प्लायवूडची पेटी करून देतो" म्हटलं तेव्हा विटाचुना यांची पोस्ट त्याला फोनवर वाचून दाखवली. पेटी केली नाही. फक्त वाऱ्याच्या बाजूला, हातभर अंतर सोडून, एक झाप बांधलाय. खराखुरा, झावळ्यांचा. बाबांनी स्वतः विणला. सिलेंडर शेजारी जोत्यावर उभा, खालच्या गटाराच्या बाजूला नाही. आत जाणारी नळी सीपीव्हीसीची, वरून आवरण. पाणी सात-आठ फुटांवरून येतं, पहिला तांब्या गार असतो, तेवढंच.

जुन्या नळीचं बाथरूमच्या भिंतीतलं भोक बुजवलं नाही. बाहेर उतार दिला, झाकण लावलं, आता तीच वरची जाळी. दाराला खाली पट्ट्यांची जाळी केली. स्वयंपाकघरातही दोन पाडल्या.

एक नवी अडचण आहे. निळी_ज्योत, तुमची कुंभारीण आली. चार दिवसांत जाळीच्या कोपऱ्यात एक मडकं बांधून झालंय, आणि गिझरभोवतीही घिरट्या घालते. काय करू?

निळी_ज्योत | ६ जुलै, रात्री ८:४४

आईंची तब्येत ऐकून बरं वाटलं. पेटी केली नाहीत ते फार चांगलं, निम्मे लोक बाहेर काढून परत पेटीत कोंडतात.

कुंभारणीला औषध मारू नका. जाळीवरचं मडकं ओलं असतानाच काडीने काढून टाका, एकदा सुकलं की सिमेंटसारखं होतं. आठवड्यातून एकदा नजर टाका. गिझरचं पुढचं झाकण मात्र तुम्ही उघडू नका, गणपतीच्या आधी कुणाला तरी बोलावून बर्नरची नळी साफ करून घ्या. दापोलीकडे माझं येणं असतं, निरोप टाकलात तर मीच बघून जाईन.

आंबेमोहोर | ६ जुलै, रात्री ९:१०

जरूर या, जेवायलाच या. आईला सांगितलं. ती म्हणते दर शनिवारी मारुतीला तेल घालून आली की खराट्याची काडी फिरवेन.